पीळ

सरासरी घेतली की सगळं जातं.
द्रावणात रेणू कसेही लोळतात,
कोणी उताणा, कोणी पालथा,
आणि मी चार दिवस त्यांच्या साऱ्या दिशांची बेरीज करतेय
वरुडच्या अलीकडे, मामाच्या संत्र्यांच्या शेडमध्ये.
क्रेटवर लॅपटॉप. लाइन अकराला जाते, पाचला येते.
वहीत शून्य.

एक लाल किरण आत सोडला, सोबत त्याचाच जुळा,
दुप्पट कंपनांचा प्रकाश बाहेर पडायला हवा.
पडत नाही.
जुळ्यांची अदलाबदल केली की चिन्ह उलटतं,
पण जुळे बदललेले कळणार कोणाला?
जे आपल्याच उलट्याइतकं, ते शून्यच.
इथवर मला कळतं.

बाहेर सदोबा खंडारे अंबाडीचा दोर वळतो.
उलटा धरला तर पीळ उलटतो का, मी विचारलं.
त्याने दोर माझ्या मांडीवर फेकला.
"पाह्य ना उलटा करून.
उभा धर, आडवा धर, पीय तोच.
माही बहीण डावखोरी, थे दुसऱ्या अंगानं वये.
तिचा दोर न माहा दोर एकमेकाले बांधला,
खाली वजन टांगलं,
का दोघंबी उकलते."

मी दोर फिरवत बसले.
चहा गार झाला, त्यात साय धरली.

मग जुळा काढून टाकला. लालच्या जोडीला हिरवा घेतला,
दोघांची कंपनं काटकोनात,
तिसऱ्याची दोघांनाही काटकोनात,
अंगठा, तर्जनी, मधलं बोट.
सगळ्या दिशांनी सगळं पुसून घेतलं
आणि तळाशी एक संख्या उरली,
इवलीशी, चिन्हासकट.

चिन्ह टिकणार नाही, हेही माहीत आहे.
यंत्र तेज मोजतं, तेजात वर्ग होतो,
डावं-उजवं तिथे पुन्हा एक होतं.
सोबतीला ओळखीची एक लाट लागेल.
ते उद्या.

"निंगालं का काही?" सदोबा.
निघालं, थोडं.
"मंग भाव काय त्याचा?"
मी संत्र्याची साल चिमणीजवळ दाबली.
तेलाचे थेंब तडतडून पेटले.
यातला रेणूही पिळाचाच, म्हटलं, एकाच अंगाचा.
त्याने मान हलवली, पटल्यासारखी नाही.

दोराची सुटी कुसळं त्याने त्याच चिमणीवर जाळली.
दोर काळा पडला. बोट फिरवलं,
आणि आईची एक म्हण आठवली, अर्धीच.