भीती वाटली की बाद

मे महिना, दुपारचे तीन, लाइट गेलेली.
इंदोऱ्यातला आमचा वरचा मजला
तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखा
एकाच बाजूनं भाजतोय.
सुमेध म्हणाला, "मामा, राक्षस बनवू.
नियम एकच : भीती वाटली की बाद."

आमच्या घरात भूत कुणी मानत नाही.
माझ्या बापानं तर एकदा दारी आलेल्या मांत्रिकाला
विजेचं बिल भरायच्या रांगेत उभं केलं होतं.
त्यामुळे आयती भुतं मिळत नाहीत,
सगळी हातानं बनवावी लागतात.

कार्डांसाठी माळ्यावरून गठ्ठा काढला.
जाड कागद, क्रीम रंग, पाठ कोरी.
दोनशे होत्या. वाटल्या गेल्या नऊ,
त्यातल्या चार परत मागून आणलेल्या.
एकेकीचे चार तुकडे. कात्री बोथट.

पहिला, कूलरासुर :
पोटात शेवाळ, पाठीला वाळ्याची ताटी,
डरकाळी अशी की शेजारचे ओरडतात, ग्रीस लावा बे!
पण पाणी कोण भरणार यावर घरात जुंपली
की मध्ये पडता पडता बिचारा आटून जातो.
शक्ती : बारा.
वाऱ्याची दिशा : दुसऱ्याच्या खाटेकडे.

मग चकवा.
पूर्वी माळरानात माणसांना फिरवायचा,
आता स्वतःच फिरतोय.
काल होता तो रस्ता आज खोदलेला,
परवाचा चौक पुलाखाली गेलेला.
जरीपटक्याला निघतो, तिसऱ्यांदा पाचपावलीत उगवतो,
पानठेल्यावर विचारतो, "भाऊ, मी कुठं चुकलो?"
"काहून बाप्पा, गावात नवीन आहेस का?"
सुमेध इतका हसला की त्याच्या नाकातून सरबत आलं.

हडळ मी सुचवली, उलट्या पायांची.
त्यानं तिला सीताबर्डीत चपला घ्यायला धाडलं.
दुकानदार म्हणे, "ताई, तुम्ही येऊन राहिल्या
का जाऊन राहिल्या?"
दोन तास घासाघीस. हडळ आता कुणाला झपाटत नाही,
कितीला पडली ते सांगत सुटते.

झिरो माईलचा वेताळ खांबाला टेकून :
"सांग, इथून दिल्ली किती, मद्रास किती,
नाहीतर डोक्याची शंभर शकलं!"
"तू गेला का कधी?" एवढंच विचारायचं.
वेताळ गप्प.
साऱ्या देशाचं अंतर तोंडपाठ,
आणि स्वतः अजून व्हरायटी चौकही ओलांडलेला नाही.

मग मी एक काढला.
डोळे नसलेला. जिन्यात उभा.
काही करत नाही, नुसता उभा.
सुमेधनं बराच वेळ पाहिला,
मग हळूच कार्ड पालथं केलं.
"हा बाद. हा खरा वाटून राहिला."

पालथं केल्यावर वर आलं
"मंगल परि"
आणि खाली, कात्रीला सापडलेलं,
"आयु. विश्व".

"विश्वपाल म्हणजे तू न? मग अर्धाच काहून?"
"कागद कमी पडला."
नऊ वर्षांच्या माणसानं मान डोलावली,
लाल स्केचपेन उघडलं,
माझ्या नावाला दोन शिंगं काढली, एक ढेरी,
आणि बाजूला लिहिलं :
विश्व. नाव एवढं मोठं, शक्ती शून्य.
दुपारी झोपतो. चहा दिसला की शरण येतो.
मरत नाही, कारण लढायला बोलावलं
तेव्हा तो जेवायला बसलेला असतो.

"भीती वाटते?" त्यानं विचारलं.
मी कार्ड हातात धरलं. शिंगं ओली होती.
"नाही," म्हणालो.
"मग पास."

तेवढ्यात लाइट आली.
पंखा पाचवर राहिलेला.
राक्षस, आमंत्रणं, माझी शिंगं,
सगळी वरात खोलीभर उडाली.
दोघं खाटेखाली रांगत, जाळी पुसत,
एकेकाला कॉलर धरून बाहेर काढलं,
दोनदा मोजलं.

चकवा तेवढा सापडला नाही.
अजून नाही.