शांत मजला

सातवा प्रश्न: शांत मजला हवा का?
हो. नाही. कुठलाही चालेल.

मी ‘हो’वर बोट नेलं आणि तसंच ठेवलं.
भिंतीपलीकडे आमचे चार माग,
पलीकडे येमूलांचे सहा,
त्यापलीकडे कुणाचे ते मोजायची वेळ आली नाही कधी.
साखर पेठेत आवाज म्हणजे हवा.
माग थांबले तरच आम्ही दचकून उठतो,
अंधारात एकमेकांना विचारतो, काय झालं?
लाइट गेलेली असते. बाकी काही नाही.

‘चालेल’वर टिचकी मारणार, तर नान्ना म्हणाले,
चालेल म्हणू नको बे.
सुताच्या पेढीवर चालेल म्हटलं की
तळाचा लॉट गळ्यात मारतात.

खोली केवढी?
साडेनऊ चौरस मीटर, मी वाचलं.
मीटर त्यांना ठाऊक, पण लांबीचा.
चौरसाला त्यांनी खडू काढला,
चादरीवर खूण करायचा, निळा,
आणि तिसऱ्या मागापुढच्या मोकळ्या फरशीवर
अडीच बाय तीन-ऐंशी अशी माझी खोली आखली.
पलंग आखला. त्यावर साठ-नव्वदची चादर टाकून पाहिली,
दोन्ही बाजूंनी लोंबली.
छान, म्हणाले. थंडी आत येणार नाही.

अम्मा तंबाखूचं सूप घेऊन आत आली,
रेघ न ओलांडता, दारातून.
टेबलाच्या जागी बसली. दोन विड्या वळल्या.
मग म्हणाली, खिडकी कुठंय?
खिडकी राहिली होती.

स्वयंपाकघर आठ जणांत एक.
फ्रिजचा एक कप्पा आपला, त्यावर नाव चिकटवायचं.
आठ जण, आणि गावं आठ? मग मीठ कुणाच्या चवीचं?
ज्याचं त्याचं, अम्मा.
यावर ती बराच वेळ काही बोलली नाही.

न्हाणीघर आतलं हवं तर
आठवड्याला चाळीस पौंड जास्त. आठवडे चव्वेचाळीस.
अम्माचा हिशोब हजारात चालतो, विड्यांच्या.
तिचे ओठ हलले, हलत राहिले, मग थांबले.
तेवढे हजार अजून वळून व्हायचे होते.
मी म्हटलं, बाहेरचंच घेते.
चाळीत वाढलेय, मला रांग येते.
बादली ठेवून नंबर लावता येत नसेल तिथं,
एवढंच शिकावं लागेल.

गेल्या वर्षी गेलेल्या श्रुती बिराजदारला फोन केला.
तळमजला नको, ती म्हणाली,
स्वयंपाकघराला चिकटून तर मुळीच नको,
रात्री तीनला कुणीतरी काहीतरी जाळतं,
भोंगा वाजतो, सगळे चपला घालून अंगणात.
नान्ना स्पीकरवर ऐकत होते.
भोंगा वाजतो? म्हणाले. मग बरंय की.
गिरणीचा भोंगा त्यांच्या वडिलांनी ऐकला होता,
त्यांनी फक्त त्याच्याबद्दल ऐकलं होतं.

आणि श्रुती, शांत मजला?
ती जरा थांबली.
तिथं, गं, दुसऱ्याच्या खोलीतला चमचा पडला तरी कळतं.
पहिल्या महिन्यात मी पंखा लावून झोपायचे,
थंडीत,
नुसत्या आवाजासाठी.

तिकडची मध्यरात्र म्हणजे आपले पहाटेचे साडेचार.
मुदत तेवढीच. सव्वाचारला मी ‘नाही’ निवडलं.
रात्रपाळीचा अंबादास धोटा बदलत होता.
पावती आली: क इमारत, तिसरा मजला, खोली अकरा.
नान्नांनी अकरा हा आकडा
निळ्या खडूने दारापाशी लिहिला.

दोन दिवस कामगार त्या चौकटीला वळसा घालून गेले.
कुणी सांगितलं नव्हतं.
अंबादास तर एकदा दारापाशी थबकला,
चप्पल काढू की नको अशा चेहऱ्याने.
तिसऱ्या दिवशी नवा बीम आला, जड,
ओढतच आणावा लागला,
थेट माझ्या पलंगावरून.

खिडकी तेवढी उरलीय,
कोपऱ्यात, मागाच्या पायाजवळ.
तिथं कुणाचा पाय पोचत नाही.