ठक ठक कड

सातवी ब, तिसरा तास.
मैदान नाही आमच्या शाळेला, गच्ची आहे.
गच्चीवर पाण्याच्या दोन काळ्या टाक्या
आणि त्यांच्या सावलीत दोन बांबू,
शेजारच्या नव्या टॉवरच्या परांचीतून उतरवलेले,
मुकादमाला तीनदा चहा पाजून मिळवलेले.
सिमेंटचे पोपडे मी घरच्या उलथन्याने खरवडले.

परिपत्रकात लिहिलंय: तालबद्ध उड्या,
तासिका आठ, गुण दहा.
ताल कुठून आणायचा ते लिहिलेलं नाही.
म्हणून तोंडानेच: ठक, ठक, कड.
ठक ठक म्हणजे बांबू उघडे, आत या.
कड म्हणजे मिटले, बाहेर असा.
एवढंच तर आहे, म्हटलं,
आणि एवढंच कुणाला जमेना.

माझा डावा गुडघा दोन वर्षांपासून संपावर.
उडी मी बोटांनी शिकवते,
टाकीच्या झाकणावर तर्जनी आणि मधलं,
आत, आत, बाहेर.
मुलं बोटांकडे बघतात, मग माझ्या पायांकडे,
मग भलेपणाने कबुतरांकडे.

मेहजबीन ओठांत मोजते
आणि तिनावर हमखास अडते.
हर्षाली घेगडमलचा घोटा सापडला.
रडली नाही. बांबूलाच म्हणाली,
दिसत नाही का रे तुला?

मग खालून चित्रकलेच्या पाठारे बाई आल्या,
हातात रंगाची वाटी, वाटीत छताचा चुना.
म्हणाल्या, जरा हळू उड्या मारायला सांगा.
हळू उडी!
बाई जिना उतरेपर्यंत आम्ही हसलो,
आणि मग मुलं खरंच तसं करून बघू लागली.
टाचा नाहीत, नुसते चवडे,
चायना मोझॅकवर मांजर उतरावी तशी.
बांबूही दबक्या आवाजात, ठक, ठक, कड,
आणि ओरडून आठवडाभर जे आलं नव्हतं
ते चोरपावलांनी आलं.
मेहजबीन तिनावर बाहेर.
हर्षाली बाहेर, परत आत, परत बाहेर,
वेण्या मागून येताहेत, अर्ध्या मात्रेने उशिरा.

सोहराब तेवढा टोक सोडेना.
पलीकडचं टोक धरणारे चार जण बदलले,
हा उकिडवा बसलेला, तळवे लाल.
तुझी पाळी, म्हटलं.
मान हलवली त्याने.
बांबूवर पाय रोवायचा असतो टीचर, अब्बा सांगतो.
उडायचं नसतं.
समोर अकराव्या मजल्यावर
लुंग्या खोचलेली माणसं आडवे बांबू बांधत होती.
तो तिकडे बघत नव्हता.
मी बघितलं, आणि पुन्हा आग्रह केला नाही.

तक्त्यात दोन रकाने: उड्या, लय.
सत्तावीस पोरं त्याच्या हातांवर नाचली,
एकदाही घाई नाही, एकदाही ढिलाई नाही.
उड्या शून्य. लय पाच.
बेरजेवरून ऑफिसात कुणी विचारलंच
तर गच्चीवर घेऊन येईन.

घंटेनंतर बांबू उचलायला वाकले
तर ते एकत्र बांधलेले, दोन्ही टोकांना काथ्या,
खिशातूनच आणला असणार पोराने.
परांचीची गाठ. जितकी ओढावी तितकी आवळणारी.
बराच वेळ बसले तिथे, गुडघा लांब करून.
सुटली नाही.
गुरुवारी त्यालाच सांगेन.