डानटान

मक्कीस्पोर्टच्या दवाखान्यात, दुसऱ्या मजल्यावर, माझं टेबल.
त्यावर चित्रांचे पत्ते, स्टॉपवॉच, लाल पेन
आणि घट्ट केलेल्या पाण्याचा ग्लास.
साधं पाणी त्यांना ठसकतं.

समोर क्लेमेंट पावलिक, वय अठ्ठ्याहत्तर.
पंधरा वर्षं पोलादाच्या भट्टीपाशी, पुढे शाळेची बस.
नोव्हेंबरात एका सकाळी दाढी करता करता
डोक्यातल्या अर्ध्या वस्तीचे दिवे गेले.
तेव्हापासून चमचा म्हणजे 'ते', खिडकी म्हणजे 'ते',
बायकोसुद्धा 'ते',
फक्त एक शिवी शाबूत, अगदी कोरी करकरीत.

मी पत्ता उचलते. घर.
बराच वेळ जातो. मग : "हास."
टॉवेल. "टाल."
इस्त्री. "आर्न."
मी लिहीत जाते : स्वर सदोष. स्वर सदोष. सदोष.
मग उंच इमारतींचं चित्र, भर शहराचं.
कपाळाची शीर फुगते, डावी मूठ मांडीवर आपटते,
"डान. टान."
लाल पेन पुन्हा खाली उतरतं.

कोपऱ्यात रोझमेरी कूपनं कापत होती.
तिची कात्री थांबली.
"अगं पोरी, हा आजारी पडला तो आत्ता.
डानटान तर बाप्तिस्म्यापासूनचं आहे.
आम्ही सगळी डानटानच जातो.
तू म्हणतेस तिथे इथलं कुणी गेलेलं नाही."

चाचणी कुठल्याशा सपाट राज्यात बेतलेली,
जिथे म्हणे कुणालाच कसला हेल नसतो.

मी रावेरची. आमच्याकडे केयी पिकते,
पोरं शायेत जातात, डोया दुखतो.
पुण्यात अकरावीला आले तेव्हा
हॉस्टेलच्या मुली रात्री दिवा घालवून म्हणायच्या,
म्हण ना गं, काळी केळी, काळी केळी,
आणि उशीत तोंड खुपसून हसायच्या.
सहा महिन्यांत जीभ वळवायला शिकले.
इतकी, की दिवाळीत घरी गेले
तर आई ताट वाढताना म्हणाली,
पाहुण्यासारखी काय बोलते?
त्या 'ळ'वर मी पुढे पदवी घेतली, व्हिसा घेतला,
आता इतरांच्या जिभा तपासते.

खोडरबर लाल शाईवर चालत नाही.
नवा कागद घेतला. हास : बरोबर. टाल : बरोबर.
आर्नपाशी जरा थांबले, मग तेही.

आता ऐकून ओळखायचं.
मी चार पत्ते मांडले आणि म्हटलं, व्हेस्ट.
त्यांनी पत्त्यांकडे बघितलंच नाही.
बोट सरळ खिडकीकडे, नदीपलीकडे,
जिथे ऊन कलत होतं.
मी घाईत शून्य लिहिलं,
आणि मग कान तापले.
ओठ दातांना लागलाच नव्हता माझा.
मी म्हटलं होतं पश्चिम.
त्यांनी पश्चिम दाखवली.
माझ्या चुकीला त्या कागदावर रकाना नव्हता.

जानेवारीत एका संध्याकाळी वेळ संपली होती.
रोझमेरी त्यांच्या कोटाची बटणं लावत होती,
मी दिवे मालवत होते.
ते दारात अडून राहिले.
एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे,
काचेबाहेरच्या पार्किंगकडे हात केला,
आणि कुठल्याही पत्त्यावर नसलेलं, कुणी न विचारलेलं,
"यिन्झ," म्हणाले. मग खूप वेळाने, "स्लिपी."

यिन्झ, म्हणजे तुम्ही.
एकटी तू नव्हे. तुम्ही दोघी.
पुस्तकी इंग्रजीत तेवढी सोय नाही,
मला इतकी वर्षं ती अडायची.
रोझमेरीने तोंड फिरवून रुमाल शोधला.
रोमन अक्षरांत ते नीट बसेना,
म्हणून समासात मी देवनागरीत लिहून ठेवलं,
तारीख घातली.

घरी निघताना वडिलांचा फोन :
केयाले औंदा भाव बरा.
हो का, मी म्हटलं, केयाले?
पलीकडे क्षणभर काहीच नाही, मग खोकला.
एका हातात फोन, एक हात गाड्यांच्या टपांवर टेकत
मी पावलं जपून टाकत होते.
खरंच बर्फ झालं होतं खाली.