आउट

रस्ता रुंद झाला तेव्हा माझी टपरी सहा हात मागं सरकली.
पारोळ्याच्या बाहेर, जिनिंगच्या फाटकासमोर.
पंक्चर, छर्रे, चेन, ब्रेकचे गुटके,
आणि वाकड्या रिंगचा आउट काढणं, हे माझं काम.
माणूस जातो धुळ्याला, नाहीतर जळगावच्या सिव्हिलला.
सायकल चार दिवस ठाण्याच्या भिंतीला टेकून राहते,
मग माझ्याकडे येते.
पंचनाम्यात लिहिलेलं असतं, सायकलस्वार अचानक आडवा आला.
आडवा तो नंतर होतो, साहेब.

एकतीस वर्षं झाली. आता मी विचारत नाही.
चिमटा मागं गेलेला दिसला
की हा हँडलवरून उडाला, खांद्यावर पडला:
हासळीचं हाड.
ते जुळतं, पण गाठ ठेवून जुळतं.
माझ्याही डाव्या बाजूला आहे, सदऱ्याखाली,
पोतं उचलताना आठवण देते.

उजवं पायडल आत दुमडून चेनकव्हरात घुसलं असेल
तर कुणीतरी ओव्हरटेक करताना घासून नेलं.
नडगी. कधी गुडघ्याची वाटी.
मग उकिडवं बसणं संपलं.
बायको कपाशीच्या ओळीतून पुढं निघून जाते
आणि हा बांधावर पाय लांब करून
वेचलेला कापूस राखत बसतो.

हर्षालीची शाळेची निळी सायकल.
खताच्या दुकानापुढं उभ्या गाडीतून
कुणी मागं न बघता दार उघडलं.
पडताना हात आपोआप पुढं जातो, त्याला कोण सांगतं?
मनगट पळीसारखं वाकलं होतं.
दहावीचे पेपर तिनं सांगितले, नववीतल्या मुलीनं लिहिले.
कोपराच्या कातडीखाली डांबराचे दोन निळे ठिपके
अजून आहेत. दाखवते हसत.
"काका, घंटी डावीकडं लावा," एवढंच म्हणाली.
लावली.

पण मूठ नसलेलं हँडल दिसलं की माझं पोट आत जातं.
दहा रुपयांचं रबर. लोक म्हणतात, पुढच्या बाजाराला बघू.
सुपडू बडगुजरला पिकअपनं नुसता धक्का दिला.
उठला, धूळ झटकली, ड्रायव्हरच्या आईबापाला आठवलं,
माझ्याच बाकावर बसून चहा प्याला.
पोटावर एक गोल ठसा, जुन्या रुपयाएवढा.
"काहीच नई व्हयनं, भाऊ."
आत पानथरी फुटलेली होती.
थेंबभर रक्त बाहेर दिसलं असतं
तर आम्ही पळालो असतो ना गाडी बघायला.
आम्ही दुसरा चहा सांगितला.

तेव्हापासून मुठी मी फुकट बसवतो.
नको म्हणणाऱ्यालाही.

आणि परवा धुडकूआप्पांची सायकल आली.
उलटी ठेवली. चिमटा सरळ.
पायडल सरळ, कॅरियर सरळ, मडगार्डला ओरखडा नाही.
मुठी दोन्ही जागेवर, मीच बसवलेल्या.
कॅरियरला रात्रपाळीचा डबा तसाच बांधलेला,
झाकण घट्ट.
मुलगा म्हणाला, वाळूच्या डंपरचा आरसा लागला फक्त.
कानामागं.
फक्त.

मी चाकाला फेर दिला आणि रिंगजवळ खडू धरला.
रिंग जिथं वाकडी असते तिथं खडू लागतो,
पांढरी रेघ उमटते,
मग तिथल्या तारा आवळायच्या, समोरच्या सैल करायच्या,
सगळं परत मधे येतं.
चाक फिरलं, फिरत राहिलं.
मागून ट्रक गेले दोन-तीन.
कुठंच रेघ नाही.

किती झाले, मुलानं विचारलं.
मला काही सांगता येईना.
हवा भरलेलीच होती दोन्ही चाकांत,
तरी मी पंप घेतला
आणि खाली बसलो.