मिरचीचं नाव

आमच्या नंदुरबारात पौषात कुणी खोकलं
तर मान वर करून कुणी बघत नाही.
पथाऱ्यांवर मिरची वाळत असते, लांबवर लाल.
वारा फिरला की रिक्षावाला शिंकतो,
हजेरी घेता घेता मास्तर थांबतात,
बँकेतली बाई टेबलाखाली वाकून नाक पुसते.
सगळं मिरचीच्या नावावर.

मीही घातलं तिच्याच नावावर.
बाजार समितीत मापाडी, अडतीस हंगाम झाले.
घरी आलो की पहिलं काम खिडक्या लावायचं,
खकाणा आत नको, बेबाबाईला सोसत नाही.
आणि मग बंद खोलीत, पलंगाच्या कडेला
एक बिडी. जेवणाअगोदर दुसरी. बातम्यांना तिसरी.
बेबाबाई खोकायची. मी म्हणायचो,
"यंदा मिरची जहाल आहे."
ज्या वर्षी पीक बुडालं, निम्म्या पथाऱ्या ओस,
त्या वर्षीही म्हणालो.

मांजर नातीने आणली, जिनिंगच्या कुंपणाखालून,
ओंजळीत मावेल एवढी, पांढरी फक्क.
नाव कापशी.
माझ्या पायाशी निजायची, गोधडीच्या घडीत,
आणि जाग आली की चाटत बसायची स्वतःला,
पंजे, पोट, शेपटी,
म्हातारी गहू निवडते तशी, एक दाणा न सोडता.

दिवाळीनंतर तिचा श्वास वाजू लागला.

गुरांच्या दवाखान्यात डॉक्टर वसावे,
माझ्या धाकट्या पोरीच्या वयाच्या.
आधी छाती ऐकली. मग तिला उचललं
आणि मानेच्या केसांत नाक खुपसून वास घेतला.
मी सवयीने म्हणालो, "मिरचीचे दिवस, मॅडम."
"ही पथारीवर जाते?"
"छे. घराबाहेर पडत नाही."
"मग बिडी कोण ओढतं? ही?"
रांगेतला शेळीवाला हसला.

पुढचं त्यांनी हळू सांगितलं.
धूर विरला असं आपल्याला वाटतं. तो बसतो.
पडद्यावर, उशीवर, हिच्या केसांवर,
आणि ही रोज जिभेने तो गोळा करते.
"घरात अजून कोण?"
नातीचं वय सांगितलं. आठ.
बेबाबाईपाशी अडखळलो.

ओल्या मिरचीत पाणी किती, पोत्यात माती किती,
नुसतं उचलून सांगतो मी.
हे मात्र कधी काट्यावर घेतलं नाही.

घरी येऊन बोललो. बेबाबाई भाकरी थापत होती,
थापतच राहिली.
"मना खोकला तुमले तीस वरीस ऐकू नई उना,
मांजरना बरा उना."

पहिल्या रात्री ओट्यावर गेलो. कापशी मागोमाग आली,
पायाशी बसली, चाटू लागली.
अर्धी बिडी नालीत.
मग कोपऱ्यावरच्या डीपीपर्यंत.
मग पार गोदामाच्या भिंतीशी, थंडीत,
कानटोपी घालून, चोरासारखा.
परत आलो की सदरा बाहेरच्या खुंटीला,
हात कोपरापर्यंत, चुळा तीन.
दारात चार्वीचा नाका. ती हात हुंगते,
कधी सोडते, कधी पुन्हा मोरीकडे धाडते.
गोळ्या-बिस्किटांची लाच चालत नाही.
सुटली का, विचाराल तर नाही.
सहाच्या दोन झाल्या.
गोदाम लांब आहे, गुडघे दुखतात, तेही पथ्यावरच.

गोधड्या धुतल्या. पाणी चहासारखं निघालं,
तिसऱ्या बादलीलाही.

खिडक्या आता उघड्या असतात.
काल रात्री वारा पथाऱ्यांकडून फिरला.
बेबाबाई खोकली. मी उठून बसलो. मोजलं. चार.
अंधारातून म्हणाली,
"जपा आते. मिरचीना शे."
कापशी तिच्या पायाशी होती.
धुतलेल्या माणसाचा वास तिला
अजून ओळखीचा नसावा.
मी पडून राहिलो
मिरची खरं बोलतेय का, ते ऐकत.