डावखुरा टाका

जोसेलिन एसीच्या वासाची तक्रार घेऊन आली.
"सकाळी चिखलासारखा वास येतो, भाई. गॅस भरून द्या फक्त,
रात्रपाळी आहे माझी."
शारजा, इंडस्ट्रियल एरिया दहा. दुपारचे दोन.
टायरवाला पठाणसुद्धा सावलीत आडवा झालेला.

मी कार्पेट उचललं.
सीटच्या बोल्टाखाली बारीक गाळ,
इथल्या वाळूपेक्षा काळा.
अमेरिकेतल्या कुठल्या नदीचा, कुणास ठाऊक.
कागदावर एक शब्द : रिबिल्ट.
म्हणजे तिकडं कुणीतरी सही करून सांगितलं होतं
की ही गाडी एकदा मेली होती.
इकडं विकताना ते तिला कुणी वाचून दाखवलं नव्हतं.

चावी फिरवली.
एअरबॅगचा लाल दिवा लागला,
थोड्या वेळानं विझला,
शहाण्या मुलासारखा.
जरा जास्तच शहाण्या.

बाप माझा कल्हईवाला. महाडच्या बाजारात भाता, कोळसे,
नवसागराच्या धुरात लाल झालेले डोळे.
म्हणायचा, दिलावर, बाहेरून चिंच लावून कुणीही घासतं.
आत बघ.
ताक कळकलं तर भांडं बोलत नाही,
पोट बोलतं.

एअरबॅगला हात लावायचा तर बॅटरीची वायर काढून
दहा मिनिटं थांबायचं,
आत उरलेली वीज उतरेपर्यंत.
थांबलो.
मग स्टिअरिंगचं झाकण काढलं
आणि आत फुगाच नव्हता.
गादीतला स्पंज, कापून बसवलेला,
आणि दोन वायरींमध्ये दोन ओहमचा रेझिस्टर,
तांदळाच्या दाण्याहून जरा मोठा.
गाडीचा कॉम्प्युटर त्यालाच फुगा समजत होता
इतकी वर्षं.

वर काळी टेप.
डावीकडून गुंडाळलेली,
शेवट दातांनी तोडलेला.

या बाजारात डावखुरे पुष्कळ असतील.
असं म्हणून पाहिलं.
मग टाका पाहिला : टोकाला छोटी शेपटी,
मी कितीही जपलं तरी माझ्या टाक्याला येते ती.

तेव्हा मी सज्जाच्या यार्डात होतो. नवा व्हिसा, डोक्यावर कर्ज.
अरबाब म्हणायचा, तू दिवा विझव, बाकीचं अल्ला बघेल.
एका दिव्याचे चाळीस दिरहम.
अल्लाला मी किती काम लावून ठेवलं
ते मोजलं नाही कधी.

रेझिस्टर कापला. बॅटरी जोडली.
दिवा लागला, तो विझेना.

"हे काय केलंत?" जोसेलिन म्हणाली.
"सकाळी तर नव्हता हा दिवा."
"नव्हता."
"म्हणजे तुम्ही बिघडवलीत."
"हो," मी म्हणालो, "पण आज नाही."
आणि मग सांगितलं. हिंदीत, मोडक्या इंग्रजीत,
शेवटी नुसती ती टेप दाखवून,
आणि माझा डावा हात.

तिनं काही विचारलं नाही.
मागचं दार उघडून
मुलीची खुर्ची सोडवू लागली.
बक्कल अडकलं होतं.
मी पुढं झालो तर तिनं कोपर आडवं केलं.

नवी बॅग मागवली आहे, सीलबंद, माझ्या पगारातून.
पुढचे दोन्ही पट्टे बदलतोय,
ओढले की धरत नाहीत.
डावी रेल अकरा मिलिमीटर आत आहे,
तिथं वेल्डिंगवर पुट्टी, पुट्टीवर रंग.
ते काम माझं नाही, दुसऱ्या कुणाचं.
ती ओढून सरळ होईल, पण पहिल्यासारखी होणार नाही,
असं मी बिलावर लिहून दिलं.
जोसेलिननं बिलाचा फोटो काढला, माझाही काढला.
मी हललो नाही.

रात्री खोलीवर सहा जणांचा भात शिजत असतो.
मी खिडकीशी.
समोरच्या रस्त्यावर गाड्या,
बहुतेक पांढऱ्या,
अजमानच्या दिशेनं सावकाश सरकणाऱ्या.
कुणाच्याच आत लाल दिवा लागलेला नाही.
इथून तरी दिसत नाही.